कौलं ठेवायची की काढायची? आधी माळ्यावर चढून बघा

मुलुंडच्या गावठाणातून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं देतो:

"आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, वीस बाय तीस फुटांचं, विटांच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. गेली सहा वर्षं गळतंय. दर मे महिन्यात निळी ताडपत्री टाकतो तरी पाणी येतंच. यंदा गणपतीत आरती चालू असताना वरून टपकन थेंब पडला तो थेट समईवर, वात विझली, सासूबाईंचा चेहरा बघवेना. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कौलं फेका, कलर पत्रा टाका, आठवड्यात काम. दुसरा म्हणतो लाकडाला वाळवी आहे, सगळंच काढून नवं करा. धाकटे दीर म्हणतात पैसे घालायचेच तर स्लॅब टाकू, पुढे वर एक खोली काढता येईल. सासूबाई म्हणतात मी असेपर्यंत कौल हलवायचं नाही. आणि मिस्टर म्हणतात तू ठरव. शेजारच्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी घर वर चढवलं, त्यांची उंच भिंत आता आमच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, लागूनच आहे. गळती जास्त त्या बाजूच्या खोलीत आणि मधल्या खोलीत आहे. मी काय ठरवू?"

ताई नमस्कार,

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत, शेजारच्या भिंतीची, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्याच्याकडे येतोच. पण आधी सांगतो की चार जण चार गोष्टी बोलतायत त्याचं कारण असं की प्रत्येक जण "छप्पर" म्हणताना वेगळीच वस्तू डोळ्यासमोर ठेवतोय. छप्पर ही एक वस्तू नाहीच. वर कौलं आहेत, त्यांच्या खाली लाकूड आहे म्हणजे रीपा (कौलं टेकतात त्या बारीक पट्ट्या), वासे (उतरती लाकडं), आढं (सगळ्यात वरचं आडवं लाकूड), तुळया (भिंतींवर टेकणारी आडवी जाड लाकडं), आणि त्या लाकडाखाली भिंत आहे. तिन्हींचं आयुष्य वेगळं, तिन्हींचा आजार वेगळा. कौल चांगलं आणि लाकूड गेलेलं असं होतं, लाकूड ठणठणीत आणि कौलं फुटलेली असंही होतं, आणि दोन्ही चांगली असून घर गळतंय असंही होतं. कुठलं गेलंय ते न बघता रिपेअर की रिप्लेस हा वाद घालून उपयोग नाही.

मी साईटवर सुपरवायझरचं काम करत आलोय, पण हे शिकलो स्वतःच्या घरावर. चेंबूरला घाटल्यात आमचं कौलारू घर होतं, २००९ साली एका कॉन्ट्रॅक्टरने बघितलं आणि म्हणाला सगळी कौलं जुनी झालीत, बदला. आम्ही बदलली, वर्षभराची साठवलेली शिल्लक गेली, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बरोबर त्याच कोपऱ्यात, आईच्या शिलाई मशीनवर. मग मी स्वतः वर चढलो तर पाणी कौलातून येतच नव्हतं, पाखं जिथे शेजारच्या भिंतीला टेकत होतं त्या सांध्यातून येत होतं. सिमेंटचा गिलावा तिथे भिंतीपासून सुटला होता, बोट आत जाईल एवढी फट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं. आई त्यानंतर काही बोलली नाही पण मशीन तिने कायमची दुसऱ्या खोलीत हलवली, ते मला अजून लागतं.

म्हणून ताई, तुमची शेजारची भिंत. शेजाऱ्यांचं घर बुटकं होतं तेव्हा त्यांचं पाणी त्यांच्या पाख्यावरून जात होतं. आता उंच भिंत आली, म्हणजे वाऱ्याने पाऊस त्या भिंतीवर आदळतो आणि भिंतीवरचं सगळं पाणी खाली सरकून तुमच्या कौलांच्या कडेला येतं, वर त्यांच्या गच्चीचा पाईप किंवा एसीचं पाणी तुमच्या बाजूला सोडलेलं असेल तर विचारूच नका. गळती सहा वर्षांची आणि भिंत चार-पाच वर्षांची, म्हणजे सगळं खापर त्या भिंतीवर फोडता येणार नाही हे मान्य, पण त्या बाजूच्या खोलीत पाणी नक्की कधीपासून जास्त यायला लागलं ते सासूबाईंना विचारा, त्यांना साल नाही तर प्रसंग तरी आठवेल, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी वगैरे. आणि मधल्या खोलीतलं पाणी कदाचित वेगळ्याच कारणाने येत असेल. एकाच घरात दोन गळत्या आणि दोन कारणं हे मी कितीदा बघितलंय.

आता काय करायचं तर येत्या रविवारी, म्हणजे पाऊस पूर्ण जायच्या आत, माळ्यावर चढायचं. मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, म्हणजे हातात अजून थोडे दिवस आहेत, आणि गळती शोधायला पाऊस पाहिजे. ऑक्टोबर हीटमध्ये कोरड्या छपराकडे बघून कुणीही काहीही सांगेल. ताडपत्री एका बाजूने दुमडून घ्या, दुपारी बाराच्या सुमाराला माळ्यावरचे दिवे बंद करून पाच मिनिटं नुसतं बसा, डोळे सरावले की जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. खडूने खूण करा. मग पाऊस पडताना परत चढा आणि ओल कुठे आहे ते बघा, आणि लक्षात ठेवा की थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं, पाणी रिपेवरून, वाशावरून उतरत उतरत चार-पाच फूट खाली येऊन मग टपकतं. समईवर पडलेला थेंब कुठून निघाला असेल ते वाशाच्या ओल्या रेघेवरून वर वर जात शोधायचं. दोन-तीन पावसात खुणा जमल्या की तुम्हाला तुमच्या घराचा नकाशा मिळेल जो कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरकडे नाहीये. एक मात्र करा, माळ्यावर वायरिंग असेल आणि ओल असेल तर चढायच्या आधी मेन बंद, टॉर्च घेऊन जा. आणि कौलांवर कुणी पाय ठेवायचा नाही, वरून बघायचंच असेल तर शिडी आडवी टाकून वाशांवर भार घेणारा माहितगार माणूस पाहिजे. आपल्याकडे दरवर्षी मुलं ताडपत्री टाकायला म्हणून सरळ कौलावर चढतात, फुटलेल्या कौलांतली अर्धी तर त्याच पायांनी फुटतात.

तुमच्याकडे नॅशनल पार्कच्या बाजूने माकडं येत असतील तर तीही कौलं सरकवतात, नारळाचं झाड असेल तर झावळी आणि नारळ. हे सगळं साध्या शाकारणीचं काम आहे. आजेसासऱ्यांच्या काळात दर उन्हाळ्यात घर शाकारायचे, म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, परत लावायची. आता शाकारणारी माणसं मिळत नाहीत आणि ताडपत्री मिळते, म्हणून आपण शाकारणी बंद केली आणि झाकणी सुरू केली.

ताडपत्रीबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण माझ्या मते तुमच्या घराचं खरं नुकसान तिने केलंय. कौलारू छपराला श्वास लागतो, कौल स्वतः थोडं पाणी पितं आणि ऊन पडलं की सोडतं, फटींमधून वारा फिरतो आणि लाकूड सुकतं. वर प्लास्टिक पडलं की आतली वाफ आतच राहते, चार महिने लाकूड ओलं, आणि ओल्या अंधाऱ्या लाकडाइतकं वाळवीला काहीच आवडत नाही. बरीच घरं तर दिवाळी झाली तरी ताडपत्री काढत नाहीत, पुढच्या वर्षी परत टाकायचीच आहे म्हणून. तुम्ही काढत होतात का हे पत्रात नाहीये. पाऊस गेल्या गेल्या ती काढा, पूर्ण काढा.

आता लाकूड. दुसरा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वाळवी आहे, असेलही, पण कुठे आणि किती ते त्याने दाखवलं का? एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक वाशाला टोचत जा. चांगलं जुनं सागवान असेल तर टोक आत जाणार नाही, हाताला ठणक लागेल. गेलेलं लाकूड असेल तर बिस्किटासारखं आत जातं. सगळ्यात आधी बघायची ती टोकं, म्हणजे तुळई आणि वासे जिथे भिंतीत शिरतात किंवा भिंतीवर टेकतात तिथली वीतभर जागा, लाकूड मधे दगडासारखं असतं आणि टोकाला भुसा झालेला असतो. हाताने ठोकून आवाज ऐका, पोकळ वाजतं का. भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसतात का, ती वाळवीची वाट. मग आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा, आढं मधे किती झुकलंय ते कळेल. तीस फुटांत इंच-दीड इंच असेल तर जुन्या घरात चालतं, त्याहून जास्त असेल आणि दर वर्षी वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजा. एकूण वासे किती, त्यातले गेलेले किती, कागदावर लिहा. दहातले दोन-तीन गेले असतील तर ते बदलायचे, टोकं गेली असतील तर टोकाला जोड देता येतो, चांगला सुतार बाजूला नवीन लाकूड बोल्टने बांधून देतो. निम्म्याच्या वर गेले असतील तर मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं बरोबर, सांगाडा नवा करा. पण नवा सांगाडा म्हणजे कौलं फेका असं नाही! कौलं उतरवून ठेवायची आणि नव्या सांगाड्यावर तीच परत चढवायची. ही गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही कारण उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीत कॉन्ट्रॅक्टरला फार सुटत नाही.

लाकूड घ्यायचं तर नव्या कच्च्या लाकडाच्या मागे लागू नका, रे रोडच्या लकडा बाजारात मुंबईतल्या पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान मिळतं, ते पूर्ण मुरलेलं असतं, वळत-फाकत नाही. खिळ्यांची भोकं असतात, असू देत. किंवा लोखंडी पाईपची कैची, म्हणजे तिकोनी सांगाडा, करून त्यावर कौलं, हेही चालतं आणि वाळवीचा प्रश्न मिटतो, फक्त पाईपची तोंडं बंद करून घ्या नाहीतर आत पाणी जाऊन आतून गंजतो, आणि रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा रंग, जमिनीवर असतानाच मारून घ्या, वर चढवल्यावर ब्रश सगळीकडे पोचत नाही. राहिलेल्या जुन्या लाकडाला वाळवीचं औषध, कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लावतात ते पण चांगलं आहे पण ते कातडी भाजतं, हातमोजे घातल्याशिवाय कुणाला लावू देऊ नका.

कौलांचं सांगतो. एक कौल काढून उलटं करा, मागे कारखान्याचं नाव आणि शिक्का असेल. मंगलोरला पहिला कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये काढला, जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने, आणि मग तिथे कारखान्यांची रांग लागली. मुंबईत त्याच्या आधी नळीची कौलं असायची, हाताने वळलेली. तुमच्या आजेसासऱ्यांनी आणलेली कौलं भट्टीत नीट भाजलेली असतील तर ती अजून कित्येक वर्षं चालतील. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर बारीक तडा आहे. खालच्या बाजूने पापुद्रे सुटत असतील, हात लावला की लाल पूड लागत असेल तर ते कौल संपलं. वर हिरवं-काळं शेवाळ आहे म्हणून कौल खराब होत नाही, ब्रशने घासलं की जातं.

फुटलेल्यांच्या जागी नवीन आणताना एक चूक सगळे करतात. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, मिलिमीटरने फरक असतो पण पाण्याला तेवढं पुरतं. तुमचं एक कौल पिशवीत घालून बरोबर न्या आणि तिथे बसवून बघूनच घ्या. गुजरातमधल्या मोरबीची नवी कौलं मिळतात, पण ती तुमच्यात मिसळतीलच असं नाही. त्यापेक्षा वसई, पनवेल, अलिबागकडे घरं पाडली जातात तिथली जुनी कौलं शोधा. आणि मिसळत नसतील तर असं करतात की एका पाख्याची चांगली निवडून दुसऱ्या पाख्याला वापरायची आणि रिकाम्या झालेल्या पाख्याला पूर्ण नवी लावायची, मागच्या बाजूच्या पाख्याला, म्हणजे समोरून घर तसंच दिसतं.

किती लागतील त्याचा हिशोब करून देतो कारण इथेच फसवणूक होते. घर वीस बाय तीस म्हणजे सहाशे फूट, पण छप्पर सहाशे फूट नाही. चारी बाजूला दोन-दोन फूट वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, धरली तर चोवीस बाय चौतीस, म्हणजे ८१६, आणि पाखं तिरकं असतं म्हणून त्यात साधारण पंधरा टक्के वाढवा, म्हणजे साडेनऊशे चौरस फुटांच्या आसपास. मंगलोरी कौल एका चौरस मीटरला १५ लागतात, म्हणजे तुमच्या घरावर तेराशेच्या आसपास कौलं आहेत. उतरवताना दहातलं एखादं फुटतंच, कितीही जपलं तरी. तेव्हा खराब निघालेली अधिक शे-दीडशे एवढी नवी-जुनी जमवायला लागतील. तुमच्याकडे कुणी अडीच हजार कौलांचं बिल लावलं तर विचारा कुठे लावणार आहात.

पत्रा. मी पत्र्याच्या विरोधात नाही, आमच्या निम्म्या मुंबईवर पत्रा आहे. हलका, लवकर होतो, वाळवी नाही. कौलांच्या छपराचं वजन लाकडासकट चौरस मीटरला साठेक किलो, पत्र्याचं पाच. पण तोच हलकेपणा वाऱ्यात नडतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा मोजला गेला, किती जणांचे पत्रे उडाले ते आपण सगळ्यांनी बघितलं. जुन्या कुजक्या वाशांवर स्क्रू मारून पत्रा लावला तर स्क्रू धरणार कशाला? म्हणजे पत्रा टाकायचा तरी लाकूड आधी बघावंच लागतं, ते काही सुटत नाही. त्यात मे महिन्यात पत्र्याखाली सासूबाईंना दुपारी पडता येणार नाही, आणि जुलैत आरती ऐकू येणार नाही. आणि शेजारच्या भिंतीच्या सांध्यातून येणारं पाणी पत्रा टाकल्यावरही तसंच येईल, हे त्या आठवडेवाल्याने सांगितलं का? कुणी सिमेंटचे पत्रे सुचवले तर सरळ नाही म्हणा, त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, कापताना त्याची धूळ छातीत जाते.

आता दिरांचा स्लॅब. त्यांच्यावर रागावू नका, जागा कमी पडतेय आणि घर वाढावं असं वाटणं काही चूक नाही. त्यांना फक्त हा हिशोब दाखवा. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, धरून पाचशेच्या घरात. आज तुमच्या भिंतींवर छपराचं वजन पाच-सव्वापाच टन आहे. स्लॅब टाकला तर अठ्ठावीस टन, आणि वीस फुटांच्या रुंदीला मधे बीम लागणारच, ते वेगळे. त्या भिंती आणि तो पाया आजेसासऱ्यांनी कौलांसाठी घातला होता. खालून नवे कॉलम, नवा पाया घेतल्याशिवाय हे होणार नाही, म्हणजे छप्पर बदलणं नाही, घर नवीन बांधणं झालं. ते करायचं असेल तर जरूर करा, पण ते पाच वर्षांनी, प्लॅन पास करून, आत्ता गळतीच्या नावाखाली नको.

आणि परवानगी. मुंबई महापालिका कायदा १८८८ चा, त्याच्या कलम ३४२ मध्ये साधी दुरुस्ती म्हणजे काय ते दिलंय, आणि त्यातून छप्पर सपाट करणं, वेगळ्या मटेरियलने छप्पर दुरुस्त करणं आणि घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं हे स्पष्ट वगळलंय. म्हणजे फुटकी कौलं काढून कौलं लावली तर ती डागडुजी, पण कौलं काढून पत्रा किंवा स्लॅब टाकला तर ती डागडुजी नाही. "आठवड्यात काम" म्हणणारा आठवड्याने निघून जातो, त्याच कायद्याच्या कलम ३५४-अ ची, बेकायदा काम थांबवायची नोटीस तुमच्या दारावर लागते. तुळया किंवा आढं बदलावं लागलं तरी लायसन्स असलेल्या इंजिनिअरकडून पालिकेच्या टी वॉर्डात, म्हणजे मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात, विचारणा करून घ्या, लेखी. काम सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, टेप लावून आढ्याची उंची मोजून त्याचाही फोटो, आणि प्रॉपर्टी कार्डाची कॉपी जवळ ठेवा. गावठाणात तक्रार करणारा बहुतेक वेळा आपल्याच आळीतला असतो.

तर माझं मत विचाराल तर कौलं ठेवा, लाकूड मोजून जेवढं गेलंय तेवढं बदला, आणि शेजारच्या भिंतीचा सांधा पहिल्यांदा करून घ्या. त्या सांध्याला नुसतं सिमेंट थापू नका, लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात सुटेल. भिंतीत कौलांच्या वर सहा इंचांवर आडवी खाच मारायची, त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी अडकवून खाच सीलंटने भरायची आणि पट्टी खाली कौलांवर वाकवायची, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी पट्टीवरून कौलावर पडतं आणि निघून जातं. पण ती खाच शेजाऱ्यांच्या भिंतीत मारायची आहे, तेव्हा मिस्टरांना म्हणावं दिवाळीचा फराळ घेऊन जा आणि बसून बोला, त्यांच्या गच्चीचा पाईपही त्यांच्या बाजूला वळवायला सांगा. त्यांच्याही भिंतीत ओल उतरत असणार, त्यांनाही गरज आहे. हे काम मिस्टरांनी करावं, "तू ठरव" म्हणून सगळंच तुमच्या अंगावर टाकणं बरोबर नाही.

कोटेशन घेताना लमसम घेऊ नका. कौलं उतरवणं-चढवणं वेगळं, लाकूड घनफुटाने वेगळं, सुतारकाम वेगळं, सांध्याची पट्टी रनिंग फुटाने वेगळी, आढ्यावरच्या कोन्यांचं, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या सांध्यावर बसवलेल्या कौलांचं, काम वेगळं. कोने चुन्या-सिमेंटात बसवलेले असतात, तो मसाला तडकलेला असणार, मधल्या खोलीचं पाणी बहुतेक तिथूनच येतंय असा माझा अंदाज आहे कारण आढं मधल्या खोलीवरूनच जात असेल. आणि पैशातला थोडा भाग पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, हे आधीच लिहून घ्या.

काम दिवाळीनंतर काढा आणि मार्चपर्यंत संपवा. मेपर्यंत वेळ आहे असं समजू नका, मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून असली तरी २०२५ मध्ये तो २६ मे लाच आला, अर्धी छपरं उघडी होती लोकांची. एका वेळी एकच पाखं उघडा, म्हणजे घरातून बाहेर राहायला जावं लागणार नाही.

सासूबाईंना सांगा की कौल हलणार आहे पण जाणार नाही. त्यांना आरामखुर्ची टाकून अंगणात बसवा आणि उतरवलेली कौलं टिचकी मारून निवडायचं काम द्या, त्यांच्या कानाला चांगलं-वाईट माझ्यापेक्षा जास्त कळेल, त्यांनी शाकारणी बघितलेली आहे. आणि काम झाल्यावर उरलेल्यातली पन्नास-साठ चांगली कौलं कुणाला देऊ नका, मागच्या भिंतीला उभी रचून ठेवा, आडवी एकावर एक नको, खालची फुटतात. त्या साच्याची परत मिळणार नाहीत.